परवान्यावरची एक मोकळी ओळ

माझ्या शस्त्र परवान्यावर कित्येक वर्षे एकच नोंद होती. तासगावच्या द्राक्षबागेत रानडुकरांचा उपद्रव वाढला तेव्हा वडिलांनी घेतलेली आणि त्यांच्या पश्चात वारसाहक्काने माझ्या नावावर आलेली बारा बोअरची दुनळी. २०१९ साली शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली आणि एका व्यक्तीला पूर्वी जी तीन शस्त्रे बाळगता येत होती त्यांची संख्या दोनवर आली. वडिलांची आठवण असलेली दुनळी मी सोडणार नव्हतो, म्हणजे परवान्यावर एकच ओळ मोकळी उरली होती. साठी ओलांडल्यावर .२२चे, म्हणजे साधारण ०.२२ इंची नळीचे, पिस्तूल घेण्याचे मनात आले, तेव्हा या एका ओळीने मला जेवढे विचारात पाडले तेवढे ना अर्जांनी पाडले, ना किमतीने. एक घेऊन पाहू, नाही जमले तर दुसरे घेऊ, अशी सोय त्यात नव्हती.

हौस तशी जुनी नाही. महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यावर सांगलीच्या विश्रामबागेतल्या घराजवळच्या एका नेमबाजी वर्गात मी १० मीटरवरचे हवेचे पिस्तूल हाती घेतले. ४.५ मिलिमीटरच्या नळीच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या हवाई शस्त्राला परवाना लागत नाही, त्यामुळे त्या खेळात शिरणे सोपे असते. तीन वर्षे मी ते मनापासून केले. पण त्या लक्ष्यावरचा दहाचा ठिपका अवघा ११.५ मिलिमीटरचा असतो आणि त्याच्यासाठी श्वास रोखून उभे राहणे माझ्यासारख्याला हळूहळू उपासतापासासारखे वाटू लागते. मला पदके मिळवायची नव्हती. शनिवारची सकाळ मोकळ्या हवेत घालवावी, पन्नासेक गोळ्या झाडाव्यात, कागदावरची भोके पाहून स्वतःशीच हसावे आणि जेवायला घरी यावे, एवढाच माझा हेतू होता. कोल्हापूरच्या बाजूला असलेल्या २५ मीटरच्या एका रेंजवर, क्लबच्या परवान्यावरील .२२च्या पिस्तुलातून प्रशिक्षिकेच्या देखरेखीखाली पहिल्या पाच गोळ्या झाडल्या, तेव्हाच मला हवे ते हेच हे कळून चुकले.

.२२ लाँग रायफल हे काडतूस १८८७ सालचे आहे आणि त्याची रचना साधी आहे. मोठ्या काडतुसात ठिणगी देणारे मिश्रण बुडाच्या मध्यभागी वेगळ्या टोपीत असते. इथे ते बुडाच्या बाहेर आलेल्या कडेच्या आतल्या पोकळीत भरलेले असते आणि पिस्तुलाची पिन ती कड चेपते तेव्हा ते पेटते. पुढचे सगळे गुणदोष याच एका गोष्टीतून निघतात. कड चेपली जायला हवी म्हणून पितळ पातळ ठेवावे लागते, पितळ पातळ म्हणून दाब बेताचा, दाब बेताचा म्हणून धक्का सौम्य आणि आवाज सोसवेल इतका. एकदा चेपलेली कड पुन्हा वापरता येत नाही, त्यामुळे रिकामी काडतुसे पुन्हा भरण्याचा प्रश्नच येत नाही. आणि तीच बाहेर आलेली कड मॅगझिनमध्ये, म्हणजे पिस्तुलात बसणाऱ्या काडतुसांच्या पेटीत, एकावर एक काडतूस ठेवताना नडते: वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेच्या मागे गेली तर वरचे काडतूस पुढे सरकतच नाही. माझ्या पहिल्या महिन्यातली जवळपास सगळी अडकाअडकी मी घाईने, न पाहता मॅगझिन भरल्यामुळे झाली होती, आणि तरीही प्रत्येक वेळी मी पिस्तुलाकडेच संशयाने पाहत असे.

कागदपत्रांची हकिगत थोडक्यातच सांगतो, कारण तिच्यात चिकाटीखेरीज काही लागत नाही. आधीच्या परवान्यावर पिस्तुलाची नोंद वाढवून मिळण्यासाठी जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे अर्ज, शस्त्र सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र, क्लबचे सदस्यत्व, पोलीस पडताळणी, घरात शस्त्र कुठे आणि कसे कुलूपबंद ठेवणार याचा तपशील. मध्येच २०२४ची विधानसभा निवडणूक आली, आचारसंहितेच्या काळात दुनळी पोलीस ठाण्यात जमा करून पावती घेतली, आणि निवडणूक उरकल्यावर ती परत आणली. या सगळ्या काळात मी एकच काम नेटाने केले, ते म्हणजे कोणते पिस्तूल घ्यायचे याचा विचार.

माझा पुतण्या अमेरिकेत फिनिक्सला असतो आणि त्यालाही हाच छंद आहे. त्याच्याशी व्हिडिओवर बोलताना मला थोडा हेवा वाटायचा. त्याच्यापुढे प्रश्न असा की रुगरचे मार्क फोर घ्यावे, ब्राउनिंगचे बक मार्क घ्यावे की स्मिथ अँड वेसनचे व्हिक्टरी. रुगरच्या पिस्तुलांची ही परंपरा १९४९ पासूनची. मुठीचा कोन जुन्या जर्मन लुगरसारखा तिरका, त्यामुळे दुसऱ्या पिस्तुलाची सवय असलेल्याची नळी सुरुवातीला वरच रोखली जाते. आधीच्या पिढ्यांतले हे पिस्तूल स्वच्छतेसाठी उघडणे सोपे, पण पुन्हा जोडणे म्हणजे परीक्षाच. २०१६ साली आलेल्या मार्क फोरमध्ये मागच्या बाजूचे एक बटण दाबले की ते बिजागरीवर उघडते. १९८५ पासून बनणाऱ्या बक मार्कचा चाप पुतण्याला अधिक स्वच्छ सुटणारा वाटला, मात्र ते उघडायला वरचे स्क्रू काढावे लागतात. व्हिक्टरी एका स्क्रूवर उघडते आणि त्याची नळीही बदलता येते. तिन्हींच्या मॅगझिनमध्ये दहा काडतुसे, तिन्ही डाव्या-उजव्या कोणत्याही हातात धरता येतील अशा सपाट मुठीची. तिन्ही एकाच दुकानात, एकाच काउंटरवर. "काका, तुम्ही यातलं कोणतं घ्याल?" असे त्याने विचारले तेव्हा मी प्रामाणिकपणे सांगितले, की मला यातले एकही घेता येणार नाही, तेव्हा तूच घे. त्याने अखेर मार्क फोर घेतले, आणि त्यामागचे कारण होते ते बटण. निवडीचे कारण इतके साधे असू शकते हे मी मनात नोंदवून ठेवले.

आपल्याकडे परदेशी शस्त्रांची आयात १९८०च्या दशकापासून सामान्य परवानाधारकाला जवळपास बंद आहे. नेमबाजीत ठरावीक दर्जा मिळवलेल्या खेळाडूंनाच ती सवलत मिळते. म्हणून हौशी माणसापुढे दोनच वाटा उरतात, देशी बनावटीचे नवे किंवा कोणाकडे तरी आधीपासून असलेले परदेशी जुने. क्लबमध्ये आम्ही वापरतो ते इटालियन पार्दिनी तर या दोन्ही वाटांवर नव्हते. त्याची नळी हाताच्या मुठीला इतकी लगटून असते की गोळी सुटल्यावर पुढचे टोक उसळत नाही, नुसते मागे सरकल्यासारखे वाटते. राही सरनोबतने २०१८च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळवल्यापासून कोल्हापूरच्या मुलींच्या तोंडी जे शब्द बसले आहेत त्यांत पार्दिनीही आहे. मी ते वापरत होतो, पण ते माझे होणार नव्हते. लग्नाला गेलेल्या पाहुण्याने नवरीच्या दागिन्यांचे वजन विचारू नये.

देशी आयुध निर्माणीचे 'निडर' हे .२२चे छोटे रिव्हॉल्व्हर मी दुकानात हातात घेऊन पाहिले. वजन अडीचशे ग्रॅमच्या आसपास, खिशात मावेल असे, नवे कोरे, आणि इतरांहून कितीतरी स्वस्त. घरी सौभाग्यवतींचा कौल अर्थातच याला होता. परंतु ते स्वसंरक्षणासाठी बनवलेले शस्त्र आहे, आणि मी त्याच्याकडून जे काम घेऊ पाहत होतो ते त्याचे नव्हे. मी कागद घेतला आणि गणित मांडले. नेम धरताना पुढची साइट, म्हणजे नळीच्या टोकाची उभी पट्टी, आणि मागची साइट, म्हणजे ती जिच्यातून पाहायची ती खाच, यांच्यातले अंतर, समजा, १०० मिलिमीटर आहे आणि पुढची साइट खाचेच्या मध्यापासून अर्धा मिलिमीटर सरकली, तर २५ मीटरवर गोळी १२५ मिलिमीटर बाजूला जाते. हेच अंतर २२० मिलिमीटर असेल, जी स्पर्धेच्या पिस्तुलाला परवानगी असलेली कमाल मर्यादा आहे, तर तीच चूक ५७ मिलिमीटरवर येते. अचूक नेमबाजीच्या लक्ष्यावर दहाचे वर्तुळ ५० मिलिमीटर व्यासाचे असते आणि पुढचे प्रत्येक वर्तुळ २५ मिलिमीटरने बाहेर सरकते. म्हणजे हाताच्या एकाच थरथरीला लांब पिस्तूल आठ गुण देते आणि आखूड पिस्तूल सहा. साठीतल्या हाताला अर्ध्या मिलिमीटरचे मोल काय असते ते मी जाणतो. निडर दुकानातच राहिले.

आता उरली दोन जुनी पिस्तुले, आणि खरा पेच इथे होता. साताऱ्यातल्या एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्यांकडे स्विस बनावटीचे हॅमर्ली २०८ होते. कोल्हापुरातल्या एका घरी, पूर्वी राज्य पातळीवर खेळलेल्या गृहस्थांकडे, जर्मन वॉल्थर जीएसपी होते. दोघांनाही वयोमानानुसार शस्त्र काढून टाकायचे होते आणि दोघांनीही आपापले पिस्तूल रेंजवर आणण्याची तयारी दाखवली. मालक समोर, प्रशिक्षिका शेजारी, एकाच पेटीतली काडतुसे आणि प्रत्येकी तीस गोळ्या, पाच-पाचच्या मालिकेत, अशी मी व्यवस्था लावली. आयुष्यभर विद्यार्थ्यांना प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायला शिकवले, ते निदान एकदा तरी स्वतः पाळावे म्हणून.

हॅमर्ली हातात घेताच ते आवडले, हे कबूल करायला हवे. त्याचे मॅगझिन नेहमीच्या पिस्तुलासारखे मुठीत जाते, वजन किलोच्या आसपास आणि ते सगळे तळहातातच एकवटलेले. चाप ओढताना तो कुठे सुटणार हे बोटाला आधी कळते आणि तो तिथेच सुटतो. मालकांनी ते असे ठेवले होते की पोलादावर बोटाचा ठसा उमटवायलाही संकोच वाटावा. वॉल्थर याच्या अगदी उलट. ते चौकोनी, अवजड, बाराशे ग्रॅमच्या आसपासचे, मॅगझिन चापाच्या पुढे, त्यामुळे सगळा भार पुढे. दिसायला ते शिलाई मशिनच्या भागासारखे, सुंदर कोणी म्हणणार नाही. मुठीचे लाकूड आधीच्या मालकांच्या मोठ्या पंजाच्या मापाचे, माझ्या हाताला त्यात इतकी पोकळी की मधल्या बोटाखाली पेन्सिल सरकावी.

तीस-तीस गोळ्यांची बेरीज, ३००पैकी, हॅमर्लीला २४७, वॉल्थरला २३८ अशी आली. मला हर्ष झाला आणि त्याच क्षणी संशयही आला, कारण माझ्याच क्लबच्या पिस्तुलाची बेरीज एका शनिवारपासून दुसऱ्या शनिवारपर्यंत याहून जास्त हलते. आठवड्याने मी क्रम उलटा करून पुन्हा तीस-तीस झाडल्या, तर वॉल्थर तीन गुणांनी पुढे. म्हणजे बेरजेतून काहीच ठरत नव्हते. मग प्रशिक्षिकेने दोन्ही दिवसांचे कागद माझ्यासमोर मालिकावार लावले आणि म्हणाली, "काका, एकूण बघू नका, शेवटच्या दहा बघा." हॅमर्लीच्या शेवटच्या दहा गोळ्या दोन्ही दिवशी खाली-वर विखुरल्या होत्या, वॉल्थरच्या शेवटच्या दहा पहिल्या दहांसारख्याच होत्या. पुढे भार असलेले पिस्तूल हात दमवते, पण दमलेल्या हाताला ते डुलू देत नाही. हलके पिस्तूल दमवत नाही, पण हाताची प्रत्येक थरथर मान्य करते. तिने आणखी एक वाक्य सांगितले ज्यावर मी घरी येईपर्यंत विचार करत होतो: "मूठ बदलता येते, तोल बदलता येत नाही."

तरीही मन हॅमर्लीतच होते. शेवटी निर्णय झाला तो एका बिस्किटाच्या डब्यावर. वॉल्थरच्या मालकांनी पिस्तुलासोबत तो डबा ठेवला होता. त्यात चार जादा मॅगझिन, स्प्रिंगा, एक जादा पिन आणि त्यांच्या अक्षरातली एक वही, कोणत्या काडतुसाने गोळ्यांची भोके किती जवळजवळ पडली याची. एली आणि एसके या परदेशी कंपन्यांची, खडकीच्या कारखान्याची, सगळ्या काडतुसांची नोंद. हॅमर्लीसोबत एकच मॅगझिन होते. ते मॉडेल आता बनत नाही, आणि ज्या देशात हौशी माणसाला पिस्तूलच बाहेरून आणता येत नाही तिथे त्याचे मॅगझिन वाकले तर मी काय करणार होतो? पुतण्याने बटणासाठी पिस्तूल घेतले, मी डब्यासाठी. साताऱ्याला फोन करून नकार कळवताना मला अपराधी वाटले. ते गृहस्थ मात्र शांतपणे म्हणाले, "हरकत नाही, ते अजून मलाच सोडायला तयार नाही."

एका परवानाधारकाने दुसऱ्याला शस्त्र विकायचे तर त्याची लेखी माहिती जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला द्यावी लागते आणि त्यानंतर ४५ दिवस थांबावे लागते. त्या दिवसांत मी दोन कामे उरकली. एक म्हणजे चष्मा. साठीत लक्ष्य, पुढची साइट आणि मागची साइट या तिन्हींवर डोळा एकाच वेळी स्थिरावत नाही, आणि नेमबाजीत स्पष्ट दिसायला हवी ती पुढची साइट. लक्ष्य धूसर असले तरी चालते. चष्मेवाल्याला मी हात ताणून पेन्सिल धरून दाखवली आणि या टोकापर्यंतचा नंबर काढा असे सांगितले, तेव्हा त्याने वाचनाचा की लांबचा असे तीनदा विचारले. दुसरे काम सरावाचे. .२२च्या अनेक पिस्तुलांत रिकामा चाप ओढला की पिन चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसते त्या पोकळीच्या, कडेवर आपटते आणि कड दबते, म्हणून तिथे काहीतरी मऊ ठेवावे लागते. भिंतीत स्क्रू बसवण्यासाठी प्लॅस्टिकचा जो रावलप्लग मिळतो त्याचे एक माप या कामाला नेमके बसते. दहा रुपयांत महिनाभर सराव होतो. मी तो आणून ठेवला आणि पिस्तुलाची वाट पाहिली.

पिस्तूल आले, कपाटात कुलूपबंद झाले, आणि मुठीचा प्रश्न पुढे आला. बाजारात तयार मुठी मिळतात त्या परदेशी, आणि त्यांची किंमत ऐकून मी फोन ठेवला. एका शनिवारी मिरजेवरून परतताना सतारमेकर गल्लीपाशी थांबलो. मिरजेत सतारी आणि तंबोरे बनवणाऱ्या घराण्यांचा मूळचा धंदा शिकलगारीचा, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावण्याचा. संस्थानी काळात हत्यारांची मागणी आटली तेव्हा ते हात वाद्यांकडे वळले. तिथल्या एका दुकानातल्या वृद्ध कारागिरांकडे मी पुढच्या खेपेला फक्त लाकडी मूठ घेऊन गेलो, पिस्तूल अर्थातच घरी कपाटात होते. काय हवे ते समजावत असताना चाचांनी मला मध्येच थांबवले. "सर, हात द्या," म्हणाले, आणि तंबोऱ्याची मान चाचपावी तशी माझी बोटे, अंगठ्याचा गादीसारखा भाग, मनगटाची बाजू एकेक करून दाबून पाहिली. मग तून लाकडाचा बारीक भुसा सरसात कालवून त्यांनी मुठीच्या पोकळ जागी लिंपला, त्यावर माझी मूठ आवळून धरायला लावली आणि वाळायला ठेवली. तीन दिवसांनी कानशीने जादाचे उतरवले. मी मोबदला विचारला तर म्हणाले, आधी त्याचं काम दाखवा, मग बोलू.

पुढच्या शनिवारी मी दुरुस्त केलेल्या मुठीने पहिल्या तीस गोळ्या झाडल्या. हात मुठीत गेला तो जागेवर बसला, प्रत्येक गोळीनंतर सावरून धरावे लागले नाही. बेरीज २५१. प्रशिक्षिकेने एवढेच म्हटले, की आता चूक शोधायला सोपे जाईल. परतताना मी लक्ष्याचा कागद घडी न घालता गाडीच्या मागच्या सीटवर ठेवला आणि मिरजेला गेलो.

चाचांनी चष्मा कपाळावर सरकवून कागद उजेडाकडे धरला. मी मधल्या काळ्या वर्तुळातली गर्दी बोटाने दाखवत होतो, पण त्यांचे तिकडे लक्ष नव्हते. "हे सगळं उजवीकडं का सरकलंय?" त्यांनी विचारले. मी सांगितले की चाप ओढताना माझा अंगठा मुठीवर दाबला जातो आणि नळी तिकडे ढकलली जाते, तो माझा दोष आहे, लाकडाचा नाही. त्यांनी कागद बाजूला ठेवला, पिशवीतून मूठ काढून घेतली, अंगठ्याच्या जागेवर पेन्सिलीने एक बारीक रेघ ओढली आणि कानस हातात घेतली.